कूलर की एसी : सोलापूरच्या उन्हाळ्यात वीजबिल पाहून निवड करताना

गड्ड्याची जत्रा उरकून महिना-दीड महिना झाला की सोलापुरातल्या घरांचे स्लॅब तापू लागतात आणि यंदा एसी घ्यायचा की जुन्या कूलरलाच नवे पॅड बसवायचे, ही चर्चा घरोघरी सुरू होते. जुळे सोलापुरातल्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या घरात गेली पाच वर्षे या दोन्ही वस्तू आहेत. आधी एसी घेतला आणि पुढच्या उन्हाळ्यात कूलर आणला, त्यामुळे दोहोंचे गुणदोष सोसूनच मी हे लिहीत आहे. टनेज, तारे, टाकीची क्षमता ही माहिती दुकानदार हौसेने देतोच, म्हणून तिच्यात शिरत नाही.

आधी बिलाचे पाहू. सलग दोन उन्हाळे मी रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर मीटरचा आकडा वहीत टिपून ठेवला. फ्रिज आणि पंख्यांचा अंदाजी वापर वजा केल्यावर असे दिसले की, पाच तारे असलेला दीड टनी इन्व्हर्टर एसी २६ अंशांवर ठेवून आठ तास चालवला, तर मे महिन्यात साडेसहा युनिटांच्या आसपास वीज लागते. कूलरचे काम तेवढ्याच वेळात दीड युनिटात भागते. हे प्रयोगशाळेतले मोजमाप नव्हे आणि तुमच्या घरी आकडे थोडे निराळे येतील, पण अंतर साधारण असेच राहील असे वाटते. महिन्याला हा फरक दीडशे युनिटांचा होतो आणि महावितरणच्या घरगुती दरांत तो बोचतो, कारण पहिल्या १०० युनिटांच्या मानाने १०१ ते ३०० या टप्प्याचा दर जवळपास दुप्पट आहे. ३०० ओलांडले की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, हा समज मात्र चुकीचा आहे. वरचा दर लागतो तो वरच्या युनिटांनाच. पण उन्हाळ्यात वाढणारी युनिटे नेमकी त्या महागड्या टोकाला जाऊन बसतात आणि त्यांच्यावर वहन आकार (वीज घरापर्यंत पोहोचवण्याचा खर्च) व १६ टक्के वीज शुल्कही चढते. आमचा एरवीचा वापर दीडशे युनिटांचा. कूलरच्या महिन्यात तो दोनशेच्या आत राहिला, एसीच्या महिन्यात साडेतीनशेला टेकला.

इतक्या कमी विजेत कूलर गारवा देतो, याचे कारण खरे काम पाणी करते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता हवेतून शोषली जाते. कूलरच्या विजेवर चालतो तो फक्त पंखा आणि पाणी वर चढवणारा छोटा पंप. हवा जितकी कोरडी तितके हे काम जोमाने होते आणि याबाबतीत सोलापूरचा उन्हाळा कूलरच्या बाजूचा आहे. बाहेर ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर ओले फडके गुंडाळलेला तापमापक २२-२३ अंशांच्या आसपास उतरतो, म्हणजे नुसत्या पाण्याने हवा फार तर तेवढीच गार होऊ शकते, आणि चांगल्या पॅडमधून येणारा वारा त्याच्या तीन-चार अंश वर असतो. मुंबई-रत्नागिरीकडच्या पाहुण्यांना हे सांगून पटत नाही, कारण त्यांच्याकडच्या दमट हवेत कूलर म्हणजे नुसता ओला पंखा.

मात्र पाणी म्हटले की सोलापूरकराच्या कपाळावर आठी उमटते, आणि ती रास्त आहे. ज्या शहरात कित्येक भागांत नळाची वाट चार-चार, पाच-पाच दिवस पाहावी लागते, तिथे रात्रीला दोन बादल्या पाणी कूलरला पाजणे जिवावर येते. मी काटकसर म्हणून आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी टाकीत घालून पाहिले आणि दीड महिन्यात हनीकोम्ब पॅडचा अक्षरशः खडू झाला, कारण त्या पाण्यात क्षार आधीच जास्त असतात, वाफ होते ती निव्वळ पाण्याची आणि क्षार पॅडमध्येच साचत राहतात. बोअरच्या पाण्याचेही थोड्याफार फरकाने हेच होते. आता आम्ही नळाचेच पाणी वापरतो आणि आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून, कोरडी होऊ देतो. डासांच्या अळ्यांसाठीही ते आवश्यक आहे. या कामाचा ज्यांना मनस्वी कंटाळा आहे त्यांनी कूलरच्या वाटेला जाऊ नये, असे मी प्रामाणिकपणे सांगेन. (एसीच्या नळीतून गळणारे पाणी कूलरला घालावे, असे एका मित्राने सुचवले होते, आपल्याकडच्या एप्रिलच्या कोरड्या हवेत ते रात्रभरात तांब्याभरही जमत नाही.)

एवढे असूनही माझा कल ठरवला तो बिलाने नव्हे आणि पाण्यानेही नव्हे. तो ठरवला दाराने. आमच्या झोपण्याच्या खोलीच्या सागवानी दाराखाली उंबऱ्याशी दोन बोटांची फट आहे. एसीची थंड हवा तिथून निसटू नये म्हणून आम्ही एक जुनी सोलापुरी चादर घट्ट गुंडाळून आतल्या बाजूने फटीला लावत असू. चादर जाड असल्याने फट उत्तम बुजत असे, पण रात्री जो बाहेर जाईल त्याला बाहेरून ती पुन्हा लावता येत नसे. आई दोनदा उठणार, मुलगा पाण्याला जाणार, आणि प्रत्येक वेळी आत झोपलेल्या कोणीतरी उठून चादर सारखी करायची, तो माणूस परतला की पुन्हा तेच. हे काम आपसूकच माझ्याकडे आले. शिवाय दिवसभर "दार लावा" हे दोन शब्द मी इतक्यांदा उच्चारले की मुले माझी नक्कल करू लागली. आईला तर त्या बंद खोलीत कोंडल्यासारखे होई. "वाऱ्याला बाहेर ठेवून कुणी झोपतं का रे?" असे म्हणून तिने एका रात्री उशी उचलली आणि हॉलमध्ये पंख्याखाली जाऊन झोपली. ज्या खोलीसाठी इतकी वीज जाळायची तिथे आईलाच झोप येत नसेल, तर त्या गारव्याचा उपयोग काय, हा प्रश्न मला तेव्हापासून छळू लागला.

कूलरला उलट दार-खिडकी उघडीच लागते. ओली हवा बाहेर जायला वाट नसेल तर तो काही वेळातच चिकचिक करतो. आम्ही तो पूर्वेच्या खिडकीत बसवला आणि समोरचे दार वीतभर उघडे ठेवले, त्यामुळे त्याचा वारा खोलीतून हॉलपर्यंत पोहोचतो. पहिले काही दिवस त्याची घरघर खटकली, हे कबूल करतो. पुढे ती नसली की झोप येईना. वीज गेली तर घरच्या साध्या इन्व्हर्टर-बॅटरीवर तो दोन-तीन तास सहज निघतो, एसी निघत नाही.

तरीही काहींनी एसीच घ्यावा असे मला वाटते. बाहेरच्या हवेची खिडकी नसलेल्या खोलीत कूलरचा उपयोग नाही. दमेकऱ्याच्या खोलीबाबत डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे खरेदीचा भारही थोडा हलका झाला आहे. घेतलाच तर २४ अंशांच्या खाली उतरू नका. एकेक अंश वर ठेवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे सांगणे आहे आणि माझ्या वहीतले आकडे त्याच्या फार विरोधात जात नाहीत.

आमचा एसी आम्ही विकलेला नाही. मृगाचे दोन-चार शिडकावे झाले की हवा दमट होते आणि कूलर हात टेकतो. पावसाने जम बसवून नुसता पंखा पुरेपर्यंतचे आठ-पंधरा दिवस तेवढे एसीचे असतात. त्या दिवसांत चादर पुन्हा उंबऱ्याशी येते आणि आईची उशी हॉलमध्ये जाते.