डायल बदलायला दिलं, आतलं मशीनच गेलं

सरळ सांगतो. माझ्या रोलेक्समध्ये आज सिटिझनचं मशीन आहे, बेझल, म्हणजे काचेभोवतीचं कडं, साध्या स्टीलचं आहे, डायल कुठल्याशा चिनी कारखान्यातलं आहे आणि एवढं सगळं करून घेण्यासाठी मी 56,500 रुपये मोजले आहेत. लुटलं ते लुटलं, वर मजुरीही घेतली. दुकानाचं नाव लिहीत नाही. प्रकरण चालू असताना नाव घेतलंत तर तोच तुमच्यावर अब्रूनुकसानीचा दावा ठोकेल, असं वकिलांनी बजावलं आहे. म्हणजे चोराचं नाव घ्यायचीही आता चोरी.

घड्याळ डेटजस्ट, मॉडेल 16234. मामा बोटीवर इंजिनीअर होते. त्यांनी 1996 साली सिंगापूरला घेतलं आणि निवृत्तीनंतर मला दिलं. त्या काळच्या रोलेक्सच्या क्रमांकात शेवटचा 4 असेल तर केस, म्हणजे बाहेरची डबी, स्टीलची आणि बेझल 18 कॅरेट पांढऱ्या सोन्याचं. दिसायला मात्र थेट स्टीलसारखं. पिवळं असतं तर शेजारच्या पोरालाही बदललेलं कळलं असतं. आत 3135 मशीन, कंपनीने 1988पासून पुढे कित्येक वर्षं वापरलेलं, दणकट म्हणून नावाजलेलं.

घड्याळ रात्री काढून ठेवलं की सकाळी बंद पडलेलं असायचं. डायलवर दमट हवेने ठिपके आले होते. मुलाचं लग्न तोंडावर. अधिकृत ठिकाणी अंदाज विचारला तर आकडा लाखाच्या पुढे, आणि बाहेरचं डायल तिथे बसवत नाहीत. मला निळं डायल हवं होतं. हो, हौस होती. स्वतःच्या घड्याळाला बाहेरचं डायल लावणं हा काही गुन्हा नाही, जगभर लोक लावतात. ज्यांना नाक मुरडायचं आहे त्यांनी मुरडावं, पण ‘हौस केली म्हणून फसलास’ हे मी आता घरात पुरेसं ऐकून झालो आहे.

दुकान दक्षिण मुंबईत. गल्लीतलं टपरीवजा नाही. एसी, पांढरा कोट घातलेला कारागीर, काचेपलीकडे टाइमग्राफर. घड्याळाची टिकटिक ऐकून ते किती सेकंद पुढे-मागे जातं हे स्क्रीनवर दाखवणारं हे यंत्र. माझं घड्याळ त्यावर ठेवलं, रेषा वेड्यावाकड्या पळायला लागल्या आणि मालक म्हणाला, “बघा सर, आतलं तेल पार सुकलंय. पूर्ण खोलावं लागेल.” मामांना दाखवायला म्हणून मी त्याचा व्हिडिओ काढला. त्या व्हिडिओत स्क्रीनच्या कोपऱ्यात एक आकडा स्वच्छ दिसतो: 28800. तासाला इतके ठोके, सेकंदाला आठ. 3135चे तेवढेच असतात.

हा आकडा लक्षात ठेवा.

हिशोब असा झाला. सर्व्हिसिंग 32,000, डायल आणि काटे 18,500, पॉलिश आणि पाण्याची चाचणी 6,000. तीस हजार लगेच यूपीआयने दिले. राहिलेले 26,500 नेताना. काटे कशाला बदलायचे, असं मी विचारलं होतं. “निळ्यावर जुने उठून दिसणार नाहीत सर,” हे उत्तर मिळालं आणि मला ते पटलं. खरं कारण वेगळं होतं. दुसरं मशीन घालायचं तर त्यावर मूळ काटे बसतच नाहीत, भोकांची मापं वेगळी असतात. डायलचंही तेच. म्हणजे ‘डायल आणि काटे दोन्ही बदलू’ हा आग्रह म्हणजेच आतलं मशीन काढण्याची पूर्वतयारी. कुणी डायलबरोबर काटे गळ्यात मारायला लागला तर घड्याळ उचला आणि बाहेर पडा.

पावतीवर त्याने लिहिलं, ‘रिस्ट वॉच, 1 नग, रिपेअर’. मॉडेल नाही, केसचा क्रमांक नाही, मशीनचा तर प्रश्नच नाही. माझी अख्खी नोकरी ऑडिटमध्ये गेली. दुसऱ्यांच्या पावत्यांवर लाल पेनने गोल काढणारा मी माणूस. पण त्या दिवशी दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, एकाच्या हातात माझ्यापेक्षा महागडं घड्याळ होतं, आणि ‘क्रमांक लिहा’ म्हणणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणण्यासारखं वाटलं. भिडेपोटी गप्प बसलो. तुम्ही बसू नका. झाकण तुमच्यासमोर उघडायला लावा आणि मशीनचा फोटो काढा. नाही म्हणाला तर तेच उत्तर समजा.

आता न्यायला गेलो तो दिवस. घड्याळ लखलखत होतं. पुन्हा टाइमग्राफरवर ठेवलं, या वेळी रेषा ताठ सरळ. “प्लस चार सेकंद, सर. कंपनीत पण याच्यापेक्षा चांगलं करून देणार नाहीत.” मी खूश होऊन स्क्रीनचा फोटो काढला. कोपऱ्यात आकडा: 21600.

दोन्ही पुरावे माझ्याच मोबाइलमध्ये, एकाच ॲल्बममध्ये, शेजारीशेजारी. घड्याळाचे ठोके सर्व्हिसिंगने बदलत नसतात. आठचे सहा होतात ते मशीन बदललं तरच. आयुष्यभर दोन आकडे जुळतात का हेच बघत आलो आणि हे दोन जुळवायचं सुचलं नाही. अजूनही रात्री तो फोटो काढून बघतो आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. पण मी म्हणतो, त्या वेळी कोण बघतं कोपऱ्यातला आकडा? तो बोट ठेवून दाखवत होता ‘प्लस चार’वर. त्याला नेमकं माहीत होतं गिऱ्हाइकाची नजर कुठे न्यायची.

उरलेले 26,500 रोख घेतले. “पक्कं बिल हवं तर अठरा टक्के जीएसटी लागेल,” म्हणजे 4,770 रुपये जादा. मी म्हटलं, राहू द्या. या 4,770 रुपयांनी माझा दावा अर्धा केला, ते पुढे येईलच.

घरी प्रथम बायकोच्या लक्षात आलं. रात्री अकराच्या सुमारास तिने विचारलं, “अहो, ही तारीख अशी मध्येच का लटकलीय?” तारखेच्या खिडकीत दोन आकडे अर्धे-अर्धे दिसत होते. डेटजस्टची तारीख मध्यरात्री खटकन पडते, तीच तर त्या घड्याळाची ओळख. ही तासाभरापासून सरपटत होती. शिवाय हात हलवला की आतून भिंगरी फिरल्यासारखी घरघर. मी तिला सांगितलं, नवीन तेल आहे, बसेल हळूहळू. हे मी सांगितलं. कशाच्या आधारावर, देव जाणे.

शेवटी एका जुन्या कारागिरांकडे गेलो. उभी हयात एचएमटीची घड्याळं उघडण्यात गेलेले काका. रोलेक्सच्या झाकणाला कडेने बारीक खाचा असतात, ते उघडायला वेगळी डाय लागते, ती त्यांच्याकडे होती. झाकण फिरवून काढलं, भिंग डोळ्याला लावलं आणि काही न बोलता भिंग माझ्या हातात दिलं. मशीन केसपेक्षा लहान, म्हणून भोवती प्लास्टिकची पांढरी रिंग. पट्टीवर कोरलेलं 8215. “हे मियोटा. सिटिझनचं. चांगलं मशीन आहे,” काका म्हणाले, “पण तुमचं नाही.” मग बेझल सराफाकडे नेलं. त्याने कॅरेट तपासायच्या मशीनखाली धरलं. सोनं शून्य. लोखंड, क्रोमियम, निकेल. सराफाने मान वर करून विचारलं, “हे सोन्याचं म्हणून कुणी विकलं तुम्हाला?”

जुनं चालू 3135 मशीन आज काय भावाने जातं, हे दोन-तीन ठिकाणी विचारलं. दोन लाखांच्या आसपास सांगितलं. मग डोक्यात प्रकाश पडला. रोलेक्स आपले सुटे भाग बाहेरच्या दुकानांना सहजासहजी देत नाही. मग बाजारातले हे दुकानदार ‘कंपनीचा ओरिजिनल पार्ट टाकून देतो’ म्हणतात तो पार्ट येतो कुठून? माझ्यासारख्यांच्या घड्याळातून. कुणी ओरिजिनल पार्ट म्हटलं की विचारा, कुणाच्या घड्याळातला?

दुकानात गेलो तर मालकाचा आवाज एकदम गार. “सर, आमच्याकडून नेल्यावर घड्याळ बाहेर उघडलंत ना? मग आत काय होतं ते आम्हाला काय माहीत? तुमच्या काकांनीच काढलं नसेल कशावरून?” म्हणून ऐका. संशय आला तर घड्याळ दुसरीकडे उघडू नका. त्याच दुकानात, साक्षीदार घेऊन, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवून उघडायला लावा.

पोलीस ठाण्याची कथा ऐकण्यासारखी आहे. पहिला प्रश्न: “एवढं महागाचं घड्याळ तुमच्याकडे आलं कुठून?” मामांनी जपून ठेवलेला 1996चा गॅरंटीचा कागद दाखवला. साहेबांनी कागदावरचा क्रमांक वाचला, भिंग मागवून केसवरचा वाचला आणि विजयी मुद्रेने म्हणाले, “नंबर तर जुळतोय की. मग चोरी काय झाली?” अहो साहेब, क्रमांक केसचा आहे, केस माझीच आहे, आतला माल गेला. “आतल्या मालाचा नंबर आहे का कागदावर?” नाही. “मग?” पुढे: “सिंगापूरहून आणलं तेव्हा ड्युटी भरल्याची पावती आहे?” तक्रारदार म्हणून गेलो होतो, पाच मिनिटांत तस्करीचा संशयित झालो.

28800 आणि 21600 समजावून सांगितलं. व्हिडिओ दाखवला, फोटो दाखवला. “हे आकडे कोर्टात कोण समजावणार? सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक मंचात जा.” मी पाठ करून गेलो होतो: भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचं, कलम 316 सोपवलेल्या मालाच्या अपहाराचं. दुरुस्तीला दिलेली वस्तू म्हणजे सोपवलेला मालच ना? तर म्हणे दुकान आमच्या हद्दीत, पण पैसे तुम्ही घराजवळच्या बँकेतून दिलेत, तिकडे जा. तिकडे गेलो तर वस्तू जिथे दिलीत तिकडे जा. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173प्रमाणे हद्द न बघता गुन्हा नोंदवायला हवा, असं म्हटल्यावर हवालदार शांतपणे म्हणाले, “मग तुम्हीच बसा इथं आणि लिहा एफआयआर.” सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः, खऱ्या दुकानदाराला, स्वतःचा पिन टाकून दिलेत, यात सायबर काय? बँकेचंही तेच. प्रत्येक जण बरोबरच बोलत होता, आणि एकानेही कागदाला हात लावला नाही. हातात काय पडलं, तर तक्रार अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का. तोसुद्धा शिक्का मारणारे जेवायला गेलेत म्हणून ताटकळल्यावर. तो शिक्का मात्र सोडू नका. वरिष्ठांकडे आणि पुढे मॅजिस्ट्रेटकडे जायचं तर तोच लागतो.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, हे खरं. नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल लावावा, असंही कायद्यात लिहिलं आहे. छान लिहिलं आहे. प्रत्यक्षात कधी सदस्य नाही, कधी समोरच्याचा वकील नाही, कधी नोटीस ‘पत्ता अपुरा’ म्हणून परत, आणि दुकान तिथेच, एसी चालू. आता त्यांच्या वकिलाने मुद्दा काढलाय की तक्रारदाराने फक्त तीस हजार दिल्याचं दिसतं, 26,500 दिल्याचा पुरावा काय? आणि पावतीवर सर्व्हिसिंग आहे कुठे, ‘रिपेअर’ लिहिलंय, केलं रिपेअर, घड्याळ चालतंय. चालतंयच. मियोटा उत्तम चालतं.

कच्ची पावती घेऊ नका. घेतली असेल तर पैसे तरी यूपीआयने द्या. ‘जुने भाग परत द्या’ म्हणालात तर मिळालेली पुडी तिथेच उघडा. मला मिळालेल्या पुडीत एक रबरी वॉशर, तुटकी स्प्रिंग आणि कुठल्यातरी लेडीज घड्याळाची चावी होती. पट्टा काढून लग्जच्या, म्हणजे पट्टा अडकवायच्या शिंगांच्या, मधले मॉडेलचा आणि केसचा असे दोन्ही क्रमांक स्वतः वाचून ठेवा, जुन्या मॉडेलला ते तिथेच असतात, पण त्यावर विसंबू नका, त्यानेच माझा घात केला. आणि बेझल सोन्याचं असेल तर देण्याआधी सराफाकडून लेखी घ्या. शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे.

वकील म्हणतात, ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 35खाली एकाच प्रकारे फसलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. एकट्याची तक्रार म्हणजे ‘गिऱ्हाइकाचा गैरसमज’, चार जणांची म्हणजे धंद्याची पद्धत, असं त्यांचं म्हणणं. दक्षिण मुंबईत गेल्या दोन वर्षांत कुणी घड्याळाचं डायल बदलून घेतलं असेल आणि काटेही बरोबर बदलले गेले असतील, तर आज रात्री अकरा वाजता तारखेच्या खिडकीत बघा. लटकलेली दिसली तर झाकणाला हात लावू नका, पावती शोधून ठेवा आणि मला कळवा. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. माझी पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे, तोवर नावं जमली तर एकत्र अर्ज टाकता येईल.