बँकॉक ते को सामुई : रात्रीची रेल्वे, तापीचा पूल आणि फेरीबोट

बँकॉकहून को सामुई या बेटावर विमान साधारण तासाभरात पोहोचते. आम्ही पतिपत्नींनी फेब्रुवारीच्या अखेरीस त्याच प्रवासाला एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाची दुपारपर्यंतची वेळ दिली. बँकॉक ते सुरत थानी रेल्वे, तेथून डॉन सकच्या धक्क्यापर्यंत बस आणि पुढे समुद्रातून फेरीबोट असा तो तीन टप्प्यांचा प्रवास होता. सामुईला जाऊ इच्छिणाऱ्या मराठी जोडप्यांनी हा मार्ग घ्यावा की नाही, घेतल्यास कोठे सावध राहावे, हे सविस्तर सांगण्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

या मार्गाची निवड करण्यामागे दोन कारणे होती. पहिले पैशाचे. सामुईचा विमानतळ 1989 साली एका खासगी विमान कंपनीने बांधला आणि आजही तो तिच्याच मालकीचा आहे; त्यामुळे या मार्गाचे भाडे थायलंडमधील इतर देशांतर्गत मार्गांच्या मानाने चढेच असते. रेल्वेचे दोन बर्थ, बस आणि फेरी मिळून आम्हा दोघांना जो खर्च आला, त्यात विमानाचे धड एक तिकीटही आले नसते, शिवाय एका रात्रीचे हॉटेलही वाचले. दुसरे कारण माझ्यासारख्या भुसावळच्या माणसाला अधिक जवळचे आहे. सुरत थानी शहर ज्या नदीच्या काठी वसले आहे, तिचे नाव तापी आहे, आणि ते नाव आपल्याच तापीवरून ठेवलेले आहे.

1915 साली सयामचे, म्हणजे आजच्या थायलंडचे, राजे वज्रायुध, म्हणजेच सहावे राम, यांनी या गावाला सुरत थानी हे नाव दिले. थाई लिपीत ते ‘सुराष्ट्र’ आणि ‘धानी’ अशा दोन शब्दांनी लिहिले जाते आणि सज्जनांची नगरी असा त्याचा अर्थ सांगितला जातो. मात्र त्याच्या उच्चारामागे गुजरातमधील सुरत शहर उभे आहे. आपले सुरत तापीकाठी आहे म्हणून त्याच वर्षीच्या जुलैमध्ये तेथील नदीचेही नाव बदलून तापी करण्यात आले. मुलताईला उगम पावून खानदेशातून वाहत सुरतेजवळ समुद्राला मिळणाऱ्या नदीची ही नामबहीण लांबीने बरीच लहान, जेमतेम 230 किलोमीटरची आहे; परंतु दक्षिण थायलंडमधील ती सर्वांत लांब नदी आहे.

आता प्रत्यक्ष सेवेविषयी. लांब पल्ल्याच्या गाड्या जानेवारी 2023 पासून बँकॉकच्या जुन्या हुआ लाम्फोंग स्थानकाऐवजी क्रुंग थेप अपिवत या नव्या स्थानकातून सुटतात. जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबून कोणी हुआ लाम्फोंगला गेले, तर तेथून मेट्रोच्या निळ्या मार्गाने नव्या स्थानकाला लागून असलेले बांग सू गाठावे लागते आणि त्यात वेळ जातो. नवे स्थानक प्रचंड, स्वच्छ आणि वातानुकूलित आहे. फलाट वरच्या मजल्यावर असून गाडीची वेळ जवळ आल्यावरच प्रवाशांना वर सोडतात, त्यामुळे खाली बाकावर निवांत बसून राहता येते. आपल्या स्थानकांची सवय असलेल्या मनाला ती शांतता प्रथम थोडी परकी वाटते, परंतु सामानाकडे दर क्षणी लक्ष ठेवावे लागत नाही हे सुख मोठे आहे.

तिकीट आम्ही रेल्वेच्या अधिकृत संकेतस्थळावरून महिनाभर आधी काढले आणि तसेच काढावे असा माझा आग्रह आहे, कारण खालचे बर्थ लवकर संपतात. जोडप्यापुढे दोन पर्याय असतात. पहिल्या वर्गात दोन बर्थची बंद खोली मिळते, तिला आतून कडी असते आणि हात धुण्यासाठी छोटे बेसिनही असते. दुसऱ्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना, गाडीच्या लांबीशी समांतर असे बर्थ असतात. आपल्याकडच्या साइड लोअर आणि साइड अप्परची कल्पना करावी, मात्र ते चांगले रुंद आणि पाय पूर्ण ताणून झोपता येईल इतके लांब आहेत असे समजावे. दिवसा खालच्या बर्थच्या जागी समोरासमोर दोन आसने असतात, म्हणून एकाच जागेचे खालचे व वरचे तिकीट काढले की नवराबायको झोपेपर्यंत खिडकीशी समोरासमोर बसू शकतात. वरच्या बर्थला खिडकी नसते आणि तो थोडा स्वस्त असतो. आम्ही दुसरा वर्ग घेतला आणि तोच घ्यावा असे मी सुचवीन. खोलीत एकांत मिळतो हे खरे, परंतु दुसऱ्या वर्गातही प्रत्येक बर्थला जाड पडदा असतो आणि डब्यातील इतर कुटुंबांची सोबत परक्या मुलखात बरी वाटते.

गाडी सुटल्यावर थोड्याच वेळात चाओ फ्राया नदीवरचा पूल लागतो. हा 1927 साली खुला झालेला, या नदीवरचा पहिला पूल, आणि त्याला नाव आहे सहाव्या रामाचे. ज्या राजाने तापीचे नामकरण केले, त्याच्याच नावाच्या पुलावरून आपण तापीकडे निघतो, हे पत्नीच्या लक्षात आले. मला ते सुचले नव्हते. पुढे नाखोन पथोमला विशाल चैत्य दिव्यांनी उजळलेला दिसला. त्यानंतर डब्याचा सेवक आला, आसने ओढून त्याने सपाट केली, वरचा बर्थ खाली घेतला, गादी टाकून पांढरी चादर चारही बाजूंनी घट्ट खोचली, उशी आणि बंद पाकिटातील पांघरूण ठेवले आणि पडदे लावले. एका जागेला त्याला दोन-तीन मिनिटांहून जास्त लागत नव्हती. वडील रेल्वेत होते, त्यामुळे असे हातचे काम पाहण्याची मला लहानपणापासून आवड आहे, आणि या माणसाइतके नेटके काम मी क्वचित पाहिले आहे. डब्यातील दिवे रात्रभर चालू असतात आणि हवा चांगलीच गार असते, तेव्हा वरच्या बर्थवर झोपणाऱ्याने डोळ्यांवर बांधायला रुमाल आणि दोघांनीही एकेक शाल जवळ ठेवावी. रूळ मीटर गेजचे आहेत. अकोला-खंडवा मार्गावरून ज्यांनी पूर्वी प्रवास केला असेल, त्यांना डब्याचे ते हलके डुलणे ओळखीचे वाटेल.

खाण्याबाबत शाकाहारी जोडप्यांनी गाडीवर अवलंबून राहू नये. थाई स्वयंपाकात माशांपासून केलेला नाम प्ला हा खारा रस भाजीतही पडतो, त्यामुळे केवळ मांस नको असे सांगून भागत नाही. दोन शब्द पाठ करावेत. ‘जे’ म्हणजे मांस, मासे, अंडी यांबरोबरच लसूणही वर्ज्य असलेले जेवण. अशा दुकानांवर पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांची पाटी असते. दुसरा शब्द ‘मंगसविरत’. तो मूळचा आपलाच, ‘मांसविरती’, आणि तो अर्थ कळल्यावर पत्नी तो विसरली नाही. बँकॉकमध्ये तीन दिवस तिचे जेवण या दोन शब्दांवर उत्तम झाले. गाडीसाठी आम्ही बाजारातून घेतलेला भात, केळी आणि घरून नेलेली शेंगदाण्याची कोरडी चटणी जवळ ठेवली होती. गाडीत व स्थानकात मद्याला 2014 पासून बंदी आहे, त्यामुळे रात्री डब्यात गोंगाट नव्हता.

गाडी निवडताना पोहोचण्याची वेळ अवश्य पाहावी. पुढे हाट याईकडे जाणाऱ्या काही गाड्या सुरत थानीला मध्यरात्रीनंतर एक-दोनच्या सुमारास पोहोचतात. त्या वेळी उतरून करायचे काहीच नसते. आम्ही पहाटे पोहोचणारी गाडी घेतली होती. उजाडू लागले तेव्हा पत्नीने वरच्या बर्थवरच्या मला हलवले. “अहो, उठा, पूल आला.” मी खाली उतरून तिच्या खिडकीशी बसलो. लोखंडी पुलाखालून मातकट पाण्याची, दोन्ही काठांना दाट झाडी असलेली नदी गेली. गाडी थांबते ते स्थानक शहरात नसून तेरा-चौदा किलोमीटर अलीकडे फुनफिन येथे आहे, आणि फुनफिनलाच फुम दुआंग ही नदी तापीला मिळते. चांगदेवला पूर्णा आणि तापीचा संगम लहानपणापासून पाहिलेल्या आम्हा दोघांना त्या सकाळी यापेक्षा अधिक काही पाहायचे नव्हते. ज्याला ही ओढ नसेल त्याच्यासाठी तो पूल म्हणजे अर्ध्या मिनिटाचा खडखडाट आहे, हेही मी जाणतो.

या प्रवासाचा कच्चा दुवा फुनफिनला आहे. रेल्वे एकाची, बस व फेरी दुसऱ्याची, आणि या दोहोंच्या मधल्या जागेत प्रवासी कोणाचाच नसतो. ज्या कंपनीचे बस-फेरीचे एकत्रित तिकीट आम्ही काढले होते, तिच्या माणसाने स्थानकाबाहेर आमच्या छातीवर रंगीत कागदी चिकटी लावली आणि आम्हाला छोट्या गाडीतून रस्त्याकडेच्या एका कार्यालयात नेऊन बसवले. तेथे आम्ही जवळजवळ दोन तास बसून होतो. बस केव्हा येणार, आपली फेरी कोणती, उशीर झाला तर पुढचीत जागा मिळेल का, यांपैकी एकाही प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. मिळाले ते हाताने दाखवलेले बाकडे. प्रवासात थांबावे लागते याची तक्रार नाही. माणसाला थांबवताना किती वेळ ते सांगावे, एवढी अपेक्षा मात्र पैसे मोजून तिकीट घेणाऱ्याने ठेवलीच पाहिजे. आमच्याबरोबर उतरलेले, दुसऱ्या कंपनीचे तिकीट असलेले एक वृद्ध जोडपे स्थानकासमोरूनच सुटणाऱ्या बसने थेट गेले, तेव्हा हे असेच चालते असे म्हणण्यात अर्थ नाही. तिकीट काढण्यापूर्वी बस स्थानकासमोरून थेट सुटते का, हे विचारून लेखी घ्यावे.

डॉन सकपर्यंत बसला सुमारे दीड तास लागतो. फेरी वाहने नेणारी मोठी बोट आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीची आठवण यावी अशी. खाली मोटारी व मालट्रक, वर बसण्याची वातानुकूलित खोली आणि उघडा सज्जा. सज्ज्यावरच बसावे. धक्का सोडल्यावर समुद्रातून सरळ उभे राहिलेले चुनखडीचे डोंगर बराच वेळ सोबत करतात, आणि दीड तासाने नारळीने झाकलेले सामुई समोर येते. वेगवान बोटीही आहेत, परंतु समुद्र खवळलेला असेल तर मोठी संथ फेरी पोटाला अधिक सोसते.

सामुईविषयी थोडेच लिहितो, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. चावेंगची वाळू पांढरी व बारीक आहे, पण गर्दी आणि रात्रीचा आवाज मोठा. आम्ही उत्तर किनाऱ्यावर मेनामला उतरलो होतो. तेथे वाळू जाडसर आहे, पाणी लवकर खोल होते, म्हणून पोहता न येणाऱ्याने जपून उतरावे, परंतु संध्याकाळी समोर शेजारच्या को फांगन बेटाचे डोंगर निळे होताना पाहायचे असतील तर ही जागा चांगली. बेटाभोवतीचा रस्ता सुमारे 50 किलोमीटरचा आहे आणि त्यावर सोंगथेव नावाच्या उघड्या सामायिक गाड्या फिरतात. चढण्यापूर्वी भाडे ठरवून घ्यावे. एक दिवस आंग थोंगला जावे. 1980 पासून राष्ट्रीय उद्यान असलेला हा 42 बेटांचा समूह पाहिल्यावर पत्नीने सामुईचे बाकीचे सर्व बेत रद्द करून दोन दिवस नुसते किनाऱ्यावर बसायचे ठरवले, आणि ते योग्यच झाले.

ऋतूविषयी मात्र स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. आपली मंडळी बहुधा दिवाळीच्या सुट्टीत निघतात. सामुई आणि तिच्या शेजारची बेटे थायलंडच्या आखातात आहेत, आणि तेथे सर्वाधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातच पडतो. तेव्हा समुद्र खवळलेला असतो, फेऱ्या रद्द होतात आणि या प्रवासाची सारी गंमत जाते. पश्चिमेकडील फुकेट व क्राबीचा पावसाळा त्या सुमारास संपत आलेला असतो, म्हणून दिवाळीत जायचे तर तिकडे जावे, आणि सामुई फेब्रुवारी-मार्चसाठी ठेवावी. थायलंडला पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत तेथील ऑनलाइन प्रवेशपत्र भरण्यास विसरू नये. मे 2025 पासून ते सर्व परदेशी प्रवाशांना सक्तीचे आहे आणि विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणारे संकेतस्थळ अधिकृत नव्हे.

ज्यांच्याजवळ एकूण चारच दिवस आहेत किंवा बरोबर ज्यांना वारंवार चढउतार झेपत नाही असे कोणी आहे, त्यांनी विमानाने जावे. आठ दिवस हाताशी असलेल्या जोडप्याने निदान एका दिशेचा प्रवास असाच करावा. आम्ही परतीलाही हाच मार्ग घेतला, पण दुसऱ्या कंपनीच्या बसने. तिने धक्क्यावरून थेट फुनफिनला आणून सोडले आणि गाडीपूर्वी तीन तास हाती राहिले. स्थानकासमोरच्या बाजारात फणसाचे गरे घेतले. संध्याकाळी गाडी सुटली, सेवक पलीकडच्या टोकाकडून चादरी घालत आमच्याकडे येत होता. पत्नीने त्याला हातानेच थोडे थांबायला सांगितले, कारण उत्तरेकडे जाताना पूल स्थानक सोडल्याबरोबर लागतो आणि आसने अजून समोरासमोर होती.