दोन दिवसांत गुण देणारी ट्यूब : पापण्यांच्या खाजेवर चालणारी फसवणूक

पापण्यांना खाज सुटली, कडा लाल झाल्या, सकाळी उठल्यावर वरची पापणी जराशी फुगलेली दिसली, की बहुतेक घरांतून माणूस आधी जातो तो कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये. काउंटरच्या पलीकडून एकच वाक्य येतं, "ॲलर्जी आहे, ही लावा, दोन दिवसांत बरं वाटेल." चिठ्ठी मागितली जात नाही, बिल दिलं जात नाही, ट्यूबमध्ये काय आहे हे सांगितलं जात नाही. रात्री लावली की सकाळी खाज निम्मी आणि तिसऱ्या दिवशी लाली गायब.

गिऱ्हाईक अडकतं ते याच गुणामुळे. औषध लागू पडलं नसतं तर माणसाने दुसऱ्याच दिवशी जाऊन भांडण केलं असतं. लागू पडतं म्हणून तो शेजारणीला सांगतो, गावाकडे बहिणीला पाठवतो आणि संपली की तीच ट्यूब पुन्हा आणतो. लपवलेली गोष्ट एकच असते : ते स्टिरॉइड आहे, म्हणजे खाज आणि सूज झटपट दाबणारं, पण मूळ कारण न घालवणारं औषध.

अशा ट्यूबमध्ये बहुधा क्लोबेटासोल, बेटामेथासोन किंवा मोमेटासोन असतं आणि त्याच्या जोडीला एखादं बुरशीनाशक आणि निओमायसिनसारखं अँटिबायोटिक. ॲलर्जीच्या खाजेत बुरशीनाशकाचं काहीच काम नसतं. निओमायसिन तर स्वतःच पापणीला ॲलर्जी करणाऱ्या नेहमीच्या औषधांपैकी एक. त्याने उठणारी खाज त्याच ट्यूबमधलं स्टिरॉइड दाबून ठेवतं, म्हणून ट्यूब चालू असेपर्यंत कळत नाही. बंद केली की दोन्ही एकदम वर येतं, पहिली खाज आणि ट्यूबने दिलेली नवी खाज.

पुढचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. ट्यूब थांबवल्यावर तीन-चार दिवसांत खाज परत येते, पहिल्यापेक्षा जास्त. पुन्हा लावली की दबते. आधी आठवड्याने लागणारी ट्यूब मग चार दिवसांनी, मग रोज लागते. दोन-तीन महिन्यांत कातडी पातळ आणि चकचकीत होते, तिच्यातून बारीक लाल शिरा दिसू लागतात, डोळ्यांभोवती आणि नाकाच्या बाजूला बारीक पुटकुळ्या येतात, उन्हात गेल्यावर आग होते. हे सगळं औषधाचे परिणाम आहेत, पण घरात आणि दुकानात त्याला "ॲलर्जी वाढली" असं म्हटलं जातं आणि जास्त तीव्र ट्यूब दिली जाते. माणसाची समजूत इथे सर्वांत जास्त चुकते आणि नुकसानही इथेच सर्वांत जास्त होतं.

पापणीची कातडी शरीरातली सर्वांत पातळ, अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. तळहातावर जे मलम वरवर राहतं ते पापणीत भराभर आत शिरतं. पापणी मिटली की मलमाचा अंश डोळ्यातही उतरतो. म्हणून हाता-पायावरच्या इसबासाठी डॉक्टरांनी लिहिलेली ट्यूब घरात आहे, तीच पापणीला लावू, हा हिशेबही चुकीचा. पापणीवर स्टिरॉइड कधीच वापरत नाहीत असं नाही. हायड्रोकॉर्टिसोन १ टक्क्यासारखं सौम्य मलम डॉक्टर मोजक्या दिवसांसाठी देतात, किंवा स्टिरॉइड नसलेलं टॅक्रोलिमस ०.०३ टक्के देतात. फरक मोजमापाचा आणि देखरेखीचा आहे.

ट्यूबपेक्षाही धोक्याचे ड्रॉप्स. डेक्सामेथासोन, बेटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असलेले ड्रॉप्स घातले की लाल डोळा दिवसभरात पांढरा होतो. पण काही लोकांच्या डोळ्यांत याने आतला दाब वाढतो. हा दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो. स्टिरॉइड काही आठवडे चालू राहिलं तर तो बराच वर जाऊ शकतो, आणि मुलांमध्ये हे लवकर होतं. तो दुखत नाही, डोळा लाल होत नाही, सुरुवातीला दिसायलाही कमी येत नाही. बाजूची नजर हळूहळू जाते आणि ती गेल्यावर परत येत नाही. यालाच काचबिंदू म्हणतात. जास्त काळ वापरल्यास मोतीबिंदूही लवकर येतो.

लहान मुलांच्या बाबतीत हे वारंवार घडतं म्हणून थोडं थांबून सांगायला हवं. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना, त्यातही मुलग्यांना जास्त, उन्हाळा लागला की डोळे खाजण्याचा एक विकार होतो. मूल सतत डोळे चोळतं, दोऱ्यासारखा चिकट स्राव येतो, बुबुळाभोवतीचा पांढरा भाग मळकट दिसतो. हा विकार वर्षानुवर्षं परत येतो. डॉक्टर कधीतरी आठवडाभरासाठी स्टिरॉइडचे ड्रॉप्स लिहितात, हळूहळू कमी करायला सांगतात आणि दाब तपासायला बोलावतात. मूल बरं दिसतं, बोलावलेली तारीख चुकते, पण जुनी चिठ्ठी घरात राहते. पुढच्या मार्चमध्ये तीच चिठ्ठी किंवा नुसती रिकामी बाटली दाखवून तेच ड्रॉप्स आणले जातात. जुन्या चिठ्ठीवर ते पुन्हा पुन्हा विकणं हीसुद्धा फसवणूकच आहे, कारण घरच्यांना वाटतं आपण डॉक्टरांचंच औषध देतो आहोत. आणि सतत चोळण्याने बुबुळ शंकूसारखं पुढे येण्याचा धोका वेगळा. अशा मुलाला दर वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणं, दाब मोजून घेणं, याला पर्याय नाही.

ट्यूब किंवा बाटली हातात आली की आधी मोबाइलने घटकांच्या बारीक अक्षरांचा फोटो काढा आणि मोठा करून वाचा. नावाच्या शेवटी "सोन" किंवा "सोलोन" दिसलं (बेटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुटिकासोन, प्रेडनिसोलोन) तर ते स्टिरॉइड. क्लोबेटासोल, हॅलोबेटासोल, लोटेप्रेडनॉल, फ्लुओरोमेथोलोन ही त्या नियमात न बसणारी नावं लक्षात ठेवा. अँटिबायोटिक ड्रॉप्सच्या नावापुढे "डी" किंवा "डेक्स" जोडलेलं असेल तर आत बहुधा डेक्सामेथासोन असतं. साधा ड्रॉप मागितल्यावर हा जोडीचा ड्रॉप हातात पडणं सर्रास घडतं. वेष्टनावर आरएक्स ही खूण आणि चिठ्ठीशिवाय किरकोळ विक्री करू नये असा चौकटीतला इशारा असेल, तर ते चिठ्ठीशिवाय देणं कायद्याला धरून नाही. २०१८ साली केंद्र सरकारने लावण्याच्या १४ स्टिरॉइडांची भर शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत, घातली ती याच बेसुमार विक्रीमुळे.

आता बिनलेबलची बाटली. "शंभर टक्के आयुर्वेदिक, साइड इफेक्ट नाही" असं सांगून जत्रेत, आठवडी बाजारात किंवा व्हॉट्सॲपवरून ती विकली जाते. खऱ्या आयुर्वेदिक औषधावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, बनवल्याची तारीख आणि घटकांची पूर्ण यादी छापणं बंधनकारक आहे. यातलं काहीच नसेल तर ते आयुर्वेद म्हणून स्वीकारू नका. "जडीबुटी"च्या थेंबांनी चोवीस तासांत लाली पूर्ण गेली आणि बंद केल्यावर चार दिवसांत दुपटीने आली, तर आत स्टिरॉइड मिसळलंय हा संशय घ्यायलाच हवा. शिवाय डोळ्यात जाणारं कोणतंही औषध जंतुविरहित असावं लागतं. स्वयंपाकघरात गाळलेला मध, गुलाबपाणी, लिंबाचा किंवा कांद्याचा रस यात ती खात्री नसते, आणि चोळून आधीच खरचटलेल्या बुबुळावर जंतू बसले की गोष्ट खाजेपुरती राहत नाही. मोतीबिंदू किंवा काचबिंदू औषधाने बरा करण्याची जाहिरात करण्यावर तर १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने बंदीच आहे.

दुसरी फसवणूक तपासणीची. पापणीची खाज हटत नाही म्हटल्यावर "दोनशे पदार्थांचं ॲलर्जी पॅकेज" पुढे केलं जातं. रक्त घेतात आणि आठवड्याने रंगीत तक्ता येतो : दूध, गहू, वांगं, तूरडाळ, शेंगदाणे, सगळं बंद. यातल्या बऱ्याच पॅकेजांत मोजलेलं असतं आयजीजी, रक्तातल्या प्रतिपिंडांचा (अँटिबॉडीचा) एक प्रकार. एखादा पदार्थ आपण खातो एवढंच ते दाखवतं, ॲलर्जी नाही. आयजीई हा दुसरा प्रकार मोजला असला तरी तो शिंका, नाक वाहणं, डोळे पाणावणं अशा झटपट ॲलर्जीसाठी. तो वाढलेला असला म्हणजे त्रास त्याच पदार्थाने होतो असंही नाही, लक्षणांशी जुळवून पाहावं लागतं. पापणीची कातडी सोलवटते, जाडसर होते, कोरडी पडून खाजते, ती बहुतेक वेळा स्पर्शाने होणारी उशिराची ॲलर्जी असते. ती रक्तात सापडत नाही. तिची तपासणी म्हणजे पॅच टेस्ट : पाठीवर पदार्थांच्या बारीक चकत्या ४८ तास चिकटवून ठेवतात, काढल्यावर एकदा आणि साधारण ९६ तासांनी पुन्हा पाहतात. ती त्वचारोगतज्ज्ञांकडे होते. तिच्या आधी पाठीला स्टिरॉइड लावलेलं नसावं, आणि पोटात स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तसं आधी सांगावं, नाहीतर निकाल खोटा येतो.

कारण शोधायला मात्र पॅच टेस्टच्या आधी स्वतःचा आठवडा आठवून पाहावा. पापणीला त्रास देणारी वस्तू पुष्कळदा पापणीला लावलेलीच नसते. नेलपॉलिश नखावर असते, नखाभोवती काही होत नाही, पण बोट डोळ्याला लागतं आणि पापणी सुजते. केसांच्या डायमधलं पीपीडी हे रंगाचं रसायन, जे हातावर काढायच्या "काळ्या मेंदी"तही घालतात, एक ते तीन दिवसांनी पापण्या सुजवतं. डायच्या खोक्यावर ४८ तास आधी कानामागे लावून पाहायला सांगितलेलं असतं ते यासाठीच. शॅम्पू आणि फेसवॉशमधले सुगंध आणि टिकवणारी रसायनं, पापण्यांचे केस वळवायच्या चिमट्यातलं निकेल, बराच काळ घातलेल्या ड्रॉप्समधलं बेंझाल्कोनियम क्लोराइड हे टिकवणारं रसायन, हे सगळे संशयित. महाराष्ट्रात आणखी एक : गाजरगवत, ज्याला काँग्रेस गवत किंवा चटकचांदणी म्हणतात. ते आपल्याकडे १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदलं गेलं आणि देशभर पसरलं. त्याचे सुकलेले कण हवेतून येऊन बसतात. दोन्ही वरच्या पापण्या, हनुवटीखालचा भाग, कानामागे, कोपराची आतली घडी एकाच वेळी खाजत असेल, शेतात किंवा मोकळ्या प्लॉटजवळ गेल्यावर वाढत असेल, तर आधी याच्याकडे पाहा.

एखाद्या प्रसाधनाचा संशय असेल तर ते कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, निदान सात दिवस लावून पाहावं. धुवून टाकायच्या वस्तू, म्हणजे शॅम्पू किंवा डाय, अशा तपासू नयेत, त्यांनी नुसतीच जळजळ होते. आणि पापण्यांच्या केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे कण अडकलेले दिसत असतील, कडा तेलकट असतील, तर ती ॲलर्जी नसून पापणीच्या कडेची सूज असू शकते. तिला गरम शेक आणि कडांची सफाई लागते, ॲलर्जीला थंड शेक लागतो. दोन्हीला एकच ट्यूब देणारा दोन्हीकडे चुकतो.

तोवर खाज आवरायची कशी? स्वच्छ सुती कापड गार पाण्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ थेट लावू नये. दोन आठवडे काजळ, आयलायनर, नेलपॉलिश, सुगंधी क्रीम सगळं बंद. पापणीवर रात्री साध्या पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर. बाहेरून आल्यावर चेहरा साध्या पाण्याने धुवावा. टिकवणारं रसायन नसलेले कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप्स कण धुवून काढतात. ॲलर्जीविरोधी ड्रॉप्सपैकी ओलोपॅटाडीन ०.१ टक्के दिवसातून दोनदा किंवा केटोटिफेन ०.०२५ टक्के दोनदा, पण डॉक्टरांना विचारून, आणि त्यांनी तासाभरात चमत्कार होईल अशी अपेक्षा न ठेवता. एका वेळी एकच थेंब पुरतो, जास्तीचा गालावर ओघळतो. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं दाबावा. दुसरं औषध पाच मिनिटांनी. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी आणि महिन्याने टाकून द्यावी. लाली पाच मिनिटांत घालवणारे नॅफाझोलिनचे ड्रॉप्स रोज वापरू नयेत, बंद केले की डोळा आणखी लाल होतो.

नजर अंधुक झाली, उजेड सहन होईना, डोळा दुखू लागला किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठावा.

ज्यांच्याकडे अशी ट्यूब किंवा ड्रॉप्स महिना-दोन महिने चालू आहेत, त्यांनी ती घेऊनच डॉक्टरांकडे जावं आणि किती दिवस, दिवसातून किती वेळा लावली हे खरं सांगावं. डॉक्टर कधी हळूहळू कमी करतात, कधी दुसरं औषध सुरू करून ती बंद करतात. सोडल्यावर काही आठवडे लाली आणि आग वाढते, ते अपेक्षितच असतं. पुन्हा त्याच ट्यूबकडे वळण्याची ओढ याच काळात सर्वांत जास्त असते. डोळ्याचा दाब मोजून घ्यायला विसरू नका, ट्यूब फक्त पापणीला लावलेली असली तरी.

आणि ट्यूब फेकू नका. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात सहायक आयुक्त (औषधे) यांच्याकडे लेखी तक्रार करता येते, गोव्यात अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडे. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६ प्रमाणे साधा नागरिकही ठरलेलं शुल्क भरून विकत घेतलेलं औषध शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. बिनलेबलच्या बाटलीत खरंच काय आहे हे अशाच तपासणीत कळतं. तक्रारीत दुकानाचं नाव आणि पत्ता, खरेदीची तारीख, बिल असेल तर त्याची प्रत, नसेल तर ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद, आणि वेष्टनाच्या सगळ्या बाजूंचे फोटो जोडा. बॅच नंबर बहुतेक वेळा ट्यूबच्या दुमडलेल्या टोकावर उठवलेला असतो. ते टोक गुंडाळत गेलं की तो वाचता येत नाही, म्हणून फोटो ट्यूब भरलेली असतानाच काढून ठेवा.