सुझनी की तुशकियिज: भिंतीसाठी कोणतं भरतकाम हाती घ्यावं?

साखळी टाक्यावर हात बसलाय आणि आता मध्य आशियातलं एखादं मोठं काम करावंसं वाटतंय, तर दोन वाटा दिसतात: ताजिक बायकांची सुझनी आणि किरगीझ बायकांचा तुशकियिज. दोन्ही लग्नासाठी केले जातात, दोन्ही भिंतीवर लागतात. फरक आहे तो कापड किती भरायचं यात.

सुझनीत नक्षी जवळजवळ पूर्ण कापडभर पसरलेली असते. 'सुझन' म्हणजे फारसीत सुई. आपला 'कशिदा' हा शब्दही तिकडचाच. जुन्या पद्धतीत हातमागाच्या अरुंद सुती पट्ट्या कच्च्या टाक्यांनी जोडत, नक्षी काढणारी बाई त्यावर मोठी फुलं आणि वेली रेखाटे, मग पट्ट्या पुन्हा सोडवून घरातल्या बायकांत वाटल्या जात. भरून झाल्यावर जोडताना पाकळीची एक बाजू दुसरीशी बोटभर चुकायची, रंगही थोडा हलायचा. मला सुझनीत सर्वांत आवडते ती हीच शिवण. ही पद्धत आजही सोयीची आहे, कारण मांडीवर एकच पट्टी मावते.

टाका मुख्यतः बस्मा. दोरा आकाराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवा टाकायचा आणि परत येताना त्याच दोऱ्याने त्याला छोट्या टाक्यांनी खाली बांधायचं. रेशीम बहुतेक वरच राहतं, मागे वाया जात नाही. शिकायला सोपा, पण एकसारखा यायला बराच सराव लागतो.

एक सांगायला हवं. बुखारा, समरकंद ही ताजिक बोलणारी शहरं १९२४ च्या सीमाआखणीत उझबेकिस्तानात गेली, त्यामुळे तिथल्या सुझनीवर 'उझबेक' असंच लिहिलेलं दिसतं. ताजिकिस्तानातली नमुनेदार कामं पाहायची तर खुजंद आणि इस्तरवशान ही नावं शोधा. बिहारची सुजनी मात्र वेगळी, ती जुन्या कापडाच्या थरांवर धावदोऱ्याने होते.

तुशकियिजमधल्या 'कियिज'चा अर्थ नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड कापड, पण आता तो बहुधा मखमलीवर किंवा सुती कापडावर करतात. यर्टच्या, म्हणजे भटक्या लोकांच्या गोल तंबूघराच्या, भिंतीवर लावायचा. नक्षी वर आणि दोन्ही बाजूंना, मध्यभाग कोरा. मेंढ्याच्या वळलेल्या शिंगांचे आकार, त्याला कोचकोर मुयुझ म्हणतात, आणि भरपूर साखळी टाका. कित्येक तुशकियिजांवर नाव आणि साल भरलेलं असतं.

पहिलंच मोठं काम असेल तर मी तुशकियिजच सुचवेन. टाका ओळखीचा, भरायची जागा निम्म्याहून कमी, आणि कोरा भाग राहिला तरी काम अपुरं वाटत नाही. मखमल मात्र पहिल्यांदा नको; लव सरकते आणि रेखाटन उमटत नाही. काळं किंवा लाल जाड सुती कापड घ्या.

घरात किंवा मैत्रिणींत अजून दोघीतिघी भरणाऱ्या असतील तर मात्र सुझनीच. एकटीने वर्षभर ओढण्याचं हे काम नाही.

मधली वाटही आहे. रुइजो ही ताजिक वधूच्या बिछान्यावरची चादर; तिच्याही तीनच बाजू भरलेल्या, मध्य कोरा. म्हणजे मांडणी तुशकियिजसारखी आणि फुलं, टाका सुझनीचे. एवढंही जड वाटलं तर चकन पाहा. ताजिकिस्तानातल्या कुलोब भागातल्या पोरी नवरोजला हे भरलेले अंगरखे घालतात आणि २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत त्याची नोंद झाली आहे. कुर्त्याच्या गळ्यावर आणि बाहीवर चकनसारखी फुलं भरून बघितलीत, तर मोठ्या पट्टीआधी रंगांची जोडणी हातात येते.