जँगो ४.२ ते ५.२ : १४ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जँगो हे पायथन भाषेतील वेब फ्रेमवर्क (वेबवर चालणारे प्रोग्राम बांधण्यासाठीचा तयार सांगाडा) मी गेले १४ महिने जवळजवळ रोज वापरत आहे. सुरुवात केली तेव्हा मला पायथन जेमतेम येत होती, एचटीएमएल ओळखीचे होते आणि डेटाबेसशी माझा संबंध स्प्रेडशीटच्या पलीकडे गेलेला नव्हता. या काळात मी एका लहान वाचनालयासाठी पुस्तकांची देवघेव नोंदवणारे अ‍ॅप्लिकेशन अगदी पहिल्या ओळीपासून लिहिले, ते सर्व्हरवर चढवले, आणि लोक ते वापरत असतानाच त्याखालचे फ्रेमवर्क ४.२ वरून ५.२ या आवृत्तीवर नेले. नवे साधन हाती आल्याच्या पहिल्या आठवड्यात लिहिलेले अभिप्राय भरपूर वाचायला मिळतात. तेच साधन वर्षभर सांभाळताना, त्याच्या आवृत्त्या बदलत असताना काय घडते, हे मला सुरुवातीला कुठे सापडले नव्हते, म्हणून मी मुख्यतः त्याबद्दल लिहीत आहे.

जँगोचा जन्म २००३ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या वेब विभागात झाला आणि जुलै २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले करण्यात आले. वृत्तपत्रात बातमीची वेळ पाळावीच लागते आणि मजकूर भरणारी माणसे प्रोग्रामर नसतात. जँगोची अ‍ॅडमिन यंत्रणा (मजकूर भरण्याची तयार पाने) या गरजेतून आली आहे, हे ती वापरताना पदोपदी जाणवते. ‘पुस्तक’, ‘सभासद’ आणि ‘देवघेव’ अशी तीन मॉडेल्स (माहितीच्या तक्त्यांची वर्णने) लिहून मी मायग्रेशन (त्यांवरून डेटाबेसमध्ये तक्ते तयार करणारी पायरी) चालवले, अ‍ॅडमिनमध्ये त्यांची नोंद केली आणि त्याच संध्याकाळी ग्रंथपाल पुस्तकांची नावे भरू लागले. एकही फॉर्म मी तोवर लिहिलेला नव्हता. शिकणाऱ्याला पहिल्या काही दिवसांतच कोणाच्या तरी उपयोगी पडणारे काहीतरी हाती लागते, हा या फ्रेमवर्कचा मला वाटणारा सर्वांत मोठा गुण आहे.

शिकण्याचा पहिला महिना मात्र मी बराचसा वाया घालवला, आणि त्याला कारण जँगो नव्हते, मी निवडलेले शिक्षणसाहित्य होते. एक लांबलचक, सुबोध आणि खूप लोकांनी पाहिलेली व्हिडिओमालिका मी समोर ठेवली होती. तिच्यातील दुसऱ्याच धड्यात पत्ते जोडण्यासाठी ‘यूआरएल’ नावाचे फंक्शन आयात केले होते, आणि माझ्या टर्मिनलवर ते नाव आयात करता येत नाही असा एरर येत राहिला. मी अक्षरन् अक्षर पडताळून पाहिले, सगळे पुन्हा इन्स्टॉल केले, दोन संध्याकाळी त्यात गेल्या. खरे कारण इतकेच होते की, डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून ‘पाथ’ हे सोपे फंक्शन उपलब्ध झाले होते आणि डिसेंबर २०२१ मधील ४.० आवृत्तीत जुने ‘यूआरएल’ काढून टाकण्यात आले होते. पुढे त्याच मालिकेत फॉरेन की (एका तक्त्याचा दुसऱ्याशी दुवा) लिहिताना ‘ऑन-डिलीट’ (मूळ नोंद पुसली तर काय करायचे) दिलेलेच नव्हते, तेही २.० पासून अनिवार्य आहे. शिकवणाऱ्याची चूक नव्हती, त्याने शिकवले ते त्याच्या काळात बरोबरच होते. त्यानंतर मी कोणताही धडा उघडण्याआधी तो कोणत्या आवृत्तीसाठी आहे हे पाहू लागले, आणि जिथे तसा उल्लेख नसेल ते साहित्य, कितीही चांगले वाटले तरी, बाजूला ठेवू लागले. कोड लिहून देणाऱ्या सहायक साधनांनाही हीच कसोटी लावावी लागते, कारण आवृत्ती स्पष्ट सांगितली नाही तर ती साधने जुन्या पद्धतीचा कोड तितक्याच आत्मविश्वासाने पुढे करतात.

अधिकृत दस्तऐवजांकडे मी उशिरा वळले. मतदानाचे लहान अ‍ॅप्लिकेशन करून घेणारा त्यांचा प्राथमिक पाठ प्रत्येक आवृत्तीबरोबर अद्ययावत ठेवला जातो, आणि पानावरच आवृत्ती निवडता येत असल्यामुळे आपण वापरतो तेच वाचतो आहोत याची खात्री राहते. भाषा काही ठिकाणी नवख्याला जड जाते, विशेषतः क्लासवर आधारित व्ह्यूंच्या (विनंतीला उत्तर देणाऱ्या कोडच्या) प्रकरणात. तिथे मी तीनदा अडखळले आणि शेवटी साध्या फंक्शनचे व्ह्यू लिहून पुढे गेले. आजही माझ्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये तेच जास्त आहेत आणि मला त्याची अडचण वाटलेली नाही.

डेटाबेसबाबत एक गोष्ट लवकर कळली असती तर बरे झाले असते. पुस्तकांच्या यादीचे पान सुरुवातीला झटकन उघडत असे. नोंदी वाढल्या तसे ते रेंगाळू लागले. जँगो डीबग टूलबार लावून पाहिले तेव्हा १२० पुस्तकांच्या एका पानासाठी १२१ क्वेरी (डेटाबेसला केलेल्या विचारणा) जात होत्या: एक यादीची आणि पुढे प्रत्येक पुस्तकाच्या लेखकाचे नाव आणण्यासाठी एकेक. व्ह्यूमध्ये ‘सिलेक्ट-रिलेटेड’ एवढे जोडल्यावर दोन्ही तक्ते एकाच क्वेरीत जोडून येऊ लागले आणि आकडा १ वर आला. ओआरएम (पायथनमधून डेटाबेस हाताळण्याची जँगोची सोय) एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) लिहिण्याचे कष्ट वाचवते हे खरे, पण पडद्याआड कोणते एसक्यूएल धावते आहे ते पाहण्याची सवय तिने लावून दिलेली नाही. ती आपली आपण लावून घ्यावी लागते, आणि माझ्या मते ती पहिल्याच महिन्यात लावून घ्यावी.

आता अद्ययावत राहण्याविषयी. जँगोची नवी आवृत्ती साधारण दर आठ महिन्यांनी येते आणि ‘.२’ ने संपणारी आवृत्ती दीर्घ मुदतीची असते, म्हणजे तिला तीन वर्षे सुरक्षाविषयक दुरुस्त्या मिळत राहतात. ४.२ एप्रिल २०२३ मध्ये आली, ५.० डिसेंबर २०२३ मध्ये, ५.१ ऑगस्ट २०२४ मध्ये आणि ५.२ ही पुढची दीर्घ मुदतीची आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये. ४.२ चा आधार एप्रिल २०२६ पर्यंतच असल्यामुळे स्थलांतर टाळता येणारे नव्हते, पण त्यासाठी जवळजवळ एक वर्ष हातात होते. एखादी सोय काढून टाकायची असेल तर ती आधी कालबाह्य ठरवली जाते, कोणत्या आवृत्तीत ती जाणार हे इशाऱ्यातच लिहिलेले असते, आणि मगच ती जाते. जावास्क्रिप्टच्या बाजूची काही साधने वापरताना अचानक कोसळणारे बदल मी अनुभवले आहेत, त्यामुळे या वेळापत्रकाची किंमत मला चांगलीच कळते.

तरीही माझा पहिला प्रयत्न फसला. मी एकाच दिवशी पायथन आणि जँगो दोन्ही बदलले. अ‍ॅप्लिकेशन सुरूच होईना, आणि दोष कुठला हे ठरवता येईना. अखेर असे निघाले की, मी वापरत असलेले एक लहान पॅकेज ‘डिस्टयूटिल्स’ या मॉड्यूलवर अवलंबून होते आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या पायथन ३.१२ मधून ते मॉड्यूल काढून टाकलेले आहे. जँगोचा यात काहीच संबंध नव्हता. मी सगळे मागे फिरवले आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची असा नियम केला: आधी पायथन, मग ५.०, मग ५.१, मग ५.२, आणि प्रत्येक टप्प्यानंतर टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे तपासणारा कोड) व गिटमध्ये (कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) स्वतंत्र नोंद.

५.० वर गेल्यावर लॉगआउटची लिंक बंद पडली. ती दाबताच ४०५ हा एरर येई, म्हणजे विनंतीची ही पद्धत मान्य नाही. मी वरच्या पट्टीत साधी लिंक ठेवली होती, ती गेट विनंती (फक्त पान मागवणारी) पाठवत असे, ४.१ मध्येच ही पद्धत कालबाह्य ठरवली होती आणि ५.० पासून लॉगआउटसाठी पोस्ट विनंतीच (काही बदल घडवणारी) लागते. सुरुवातीला मला हा उगाचचा काच वाटला, पण कारण वाचल्यावर पटले. गेट विनंतीने लॉगआउट होत असेल, तर कोणत्याही परक्या पानावर आपल्या लॉगआउटच्या पत्त्याची लिंक ठेवून ती दाबणाऱ्याला आपल्या अ‍ॅप्लिकेशनमधून बाहेर काढता येते. मी लिंकच्या जागी सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच पानावरून आल्याची खात्री करणारी खूण) असलेला लहानसा फॉर्म ठेवला आणि त्यातील बटणाला सीएसएसने (पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेने) लिंकचे रूप दिले. दहा मिनिटांचे काम होते, आणि गेट व पोस्ट यांतला फरक मला खऱ्या अर्थाने त्या दिवशी समजला.

५.१ चा अनुभव जास्त त्रासदायक होता, कारण तिथे एरर आलाच नाही. टेस्ट सगळ्या पार पडल्या, पाने नीट दिसली, मी निश्चिंत झाले. काही दिवसांनी मुदत उलटलेल्या पुस्तकांच्या ओळींचा रंग मी बदलला, तर ग्रंथपालांनी कळवले की, त्यांच्याकडे जुनाच रंग दिसतो आहे. माझ्या संगणकावर नवा रंग व्यवस्थित दिसत होता. शेवटी चालू अ‍ॅप्लिकेशनच्या पानाचा सोर्स उघडून पाहिला तेव्हा सीएसएस फाइलच्या नावातील १२ अक्षरांची खूण गायब झालेली दिसली. मी मॅनिफेस्ट पद्धतीचे स्टोरेज वापरत होते. त्यात फाइलच्या मजकुरावरून काढलेली खूण नावाला जोडली जाते, त्यामुळे मजकूर बदलला की नाव बदलते आणि ब्राउझर नवी फाइल आणतो. हे स्टोरेज मी ‘स्टॅटिकफाइल्स स्टोरेज’ या जुन्या सेटिंगमधून ठरवले होते. ते सेटिंग ४.२ मध्ये कालबाह्य ठरले आणि ५.१ मध्ये काढले गेले. अनोळखी सेटिंगकडे जँगो मुकाट्याने दुर्लक्ष करते, म्हणून साधे स्टोरेज लागू झाले आणि ब्राउझर साठवलेली जुनीच फाइल दाखवत राहिले. त्याऐवजी आता ‘स्टोरेजेस’ नावाची डिक्शनरी द्यायची असते. ती लिहिताना मी फक्त स्टॅटिक फाइल्सची नोंद केली आणि ‘डीफॉल्ट’ ही नोंद वगळली, तेव्हा मुखपृष्ठांची चित्रे अपलोड होणे बंद पडले. आपण डिक्शनरी दिली की ती पूर्णच द्यावी लागते.

जँगोविषयी माझी खरी तक्रार इथेच आहे. लॉगआउट आणि स्टोरेज या दोन्ही बदलांचे इशारे ४.२ मध्ये असतानाच निघत होते, पण पायथन असे इशारे एरवी दाखवत नाही आणि जँगोच्या प्राथमिक पाठात कोणी ते दाखवून देत नाही. टेस्ट चालवताना पायथनला ‘डब्ल्यू ए’ हा पर्याय दिला की सगळे इशारे बाहेर येतात. आवृत्ती बदलण्याच्या मार्गदर्शक पानावर हे स्पष्ट लिहिलेले आहे. ते पान मी वाचले, पण अडचण होऊन गेल्यावर. अर्थात इशारा निघण्यासाठी ती ओळ टेस्टमध्ये चालावी लागते, आणि माझ्याकडे लॉगआउटची टेस्टच नव्हती.

याच ५.१ ने मला दिलेली सर्वांत उपयुक्त गोष्टही सांगायला हवी. तिच्यात असे एक मिडलवेअर (प्रत्येक विनंती ज्यातून जाते असा मधला थर) आले आहे की, ते लावताच सगळे व्ह्यू लॉगिनमागे जातात आणि जे खुले ठेवायचे तेवढ्यांवरच तशी खूण करायची. तोपर्यंत मी ३१ व्ह्यूंवर एकेक डेकोरेटर (लॉगिन सक्तीचे करणारी खूण) लावला होता. मिडलवेअर लावण्याआधी यादी तपासताना सभासदांचे फोन क्रमांक उतरवून घेण्याचा व्ह्यू उघडाच राहिल्याचे लक्षात आले. कोणी तो उघडला नव्हता हे मी सर्व्हरच्या नोंदींवरून पडताळून पाहिले, पण तो दिवस मी विसरणार नाही. त्याच आवृत्तीतील ‘क्वेरीस्ट्रिंग’ हा टेम्पलेट टॅगही रोज कामाला येतो. शोधलेला शब्द कायम ठेवून पुढच्या पानावर जाण्यासाठी पूर्वी मी करत असलेली जोडाजोड त्याने संपवली. ५.२ मध्ये शेल (कोड ओळीओळीने चालवून पाहण्याची जागा) उघडताच मॉडेल्स आपोआप आयात होतात, ही लहान पण सुखाची सोय आहे. याच आवृत्तीत एकाहून अधिक फील्डची मिळून प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख) करता येऊ लागली आहे. मला तिची गरज पडलेली नाही.

उणिवा आणखीही आहेत. फॉर्मचे मूळ रूप ओबडधोबड आहे आणि ते सुधारायला वेळ जातो. असिंक्रोनस कामाची (एक काम संपण्याची वाट न पाहता दुसरे करण्याची) सोय वाढत चालली असली, तरी डेटाबेसच्या व्यवहारांपाशी ती अजून अपुरी पडते. आणि जँगो स्वतः कितीही शिस्तीने चालले, तरी त्याच्यासोबतची पॅकेजेस त्याच वेगाने चालतीलच असे नाही. मला एका पॅकेजसाठी सात आठवडे थांबावे लागले आणि दुसरे, बराच काळ कोणी हात न लावलेले, काढून टाकून त्याचे काम चाळीस ओळींत स्वतः लिहावे लागले. तेव्हापासून नवे पॅकेज घेताना मी त्याची शेवटची आवृत्ती कधी आली आणि ते कोणत्या जँगोला आधार देते हे आधी पाहते.

सध्या महिन्यातून एक सकाळ मी यासाठी राखून ठेवते. जुनी झालेली पॅकेजेस पिपकडून (पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाकडून) विचारून घेते, सुरक्षेची दुरुस्ती असेल तर ती त्याच दिवशी लावते, बाकीच्यांच्या रिलीज नोट्समधील ‘काढून टाकलेल्या सोयी’ हा भाग सर्वांत आधी वाचते आणि इशारे चालू ठेवून टेस्ट चालवते. वेब अ‍ॅप्लिकेशन शिकू पाहणाऱ्याला मी जँगो मोकळ्या मनाने सुचवेन, आणि सुरुवात दीर्घ मुदतीच्या आवृत्तीपासूनच करावी असेही सांगेन. मी स्वतः पुढची दीर्घ मुदतीची आवृत्ती येईपर्यंत ५.२ वरच राहणार आहे. तिला एप्रिल २०२८ पर्यंत आधार आहे.

या महिन्याच्या टेस्टमध्ये एकच इशारा निघाला. प्रकाशकाच्या संकेतस्थळाचा पत्ता कोणी सुरुवातीचा भाग न लिहिता भरला, तर ५.२ पर्यंत त्याला ‘एचटीटीपी’ जोडले जाते आणि ६.० पासून ‘एचटीटीपीएस’ जोडले जाते. त्या फॉर्ममध्ये ‘अझ्यूम-स्कीम’ हा पर्याय मी आताच देऊन ठेवला आहे, आणि या वेळी त्याची टेस्टही लिहिली आहे.