एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर: खरी करामत मागच्या बाजूला

मायक्रोसॉफ्टने अपंगांना व्हिडिओ गेम खेळता यावेत म्हणून २०१८ मध्ये बाजारात आणलेला एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर पहिल्यांदा पाहणाऱ्याला अपुरा वाटू शकतो, कारण पांढऱ्या, पसरट चौकटीवर दोन मोठी गोल काळी बटणे, एक डी-पॅड (चार दिशांचे बटण) आणि मोजकी लहान बटणे, एवढाच त्याचा दर्शनी ऐवज आहे. खरी करामत मागच्या कडेला आहे. तेथे ३.५ मिलिमीटरचे १९ जॅक (वायर खुपसायची छिद्रे) ओळीने बसवलेले असून नेहमीच्या कंट्रोलरवर बोटांना जी कामे करावी लागतात, ती या जॅकना जोडलेल्या पायाच्या पेडलवर, डोक्याने दाबायच्या स्विचवर किंवा हलक्या स्पर्शाने चालणाऱ्या बटणावर सोपवता येतात. दोन्ही बाजूंच्या यूएसबी पोर्टना जॉयस्टिक जोडता येतात.

एबलगेमर्स आणि स्पेशलइफेक्ट यांसारख्या, अपंग खेळाडूंसाठी काम करणाऱ्या संस्थांचा रचनेत सहभाग होता आणि तो तपशिलांत जाणवतो. जॅक न पाहता हाताला सापडावेत म्हणून प्रत्येकाच्या वर खाच आहे, तळाशी व्हीलचेअरवर किंवा स्टँडवर बसवण्यासाठी आटे आहेत आणि खोकेसुद्धा दात न लावता उघडावे म्हणून त्याला ओढायचे फास दिलेले आहेत. (खोक्याचा इतका विचार इतरांनीही करायला हरकत नाही.)

मात्र परीक्षणांत बहुधा निसटणारी गोष्ट अशी की, बाहेरचे स्विच आणि जॉयस्टिक सोबत मिळत नाहीत, त्यामुळे नुसता कंट्रोलर विकत घेऊन बहुतेक खेळ खेळता येत नाहीत आणि खर्चाचा मोठा भाग पुढेच येतो. कोपायलट या नावाने आलेल्या सोयीमुळे दुसरा कंट्रोलर जोडून दोघांना मिळून एकच पात्र चालवता येते, ही त्यातली दिलासा देणारी बाब.

दुसरी मर्यादा कंट्रोलरच्या हातातली नाही. क्षणार्धात बटण बडवायला लावणाऱ्या प्रसंगांची वेळ वाढवण्याची किंवा ते वगळण्याची मुभा खेळातच नसेल, तर कितीही चांगला स्विच कामी येत नाही. म्हणून खेळाच्या परीक्षणात या सेटिंग्जचा उल्लेख ग्राफिक्सइतकाच आवश्यक आहे.

विकत घेण्यापूर्वी कोणत्या अवयवाची कोणती हालचाल न थकता, पुन्हापुन्हा करता येते, हे शक्य असल्यास व्यवसायोपचार तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे आणि त्यानुसार स्विचची यादी आधी करावी. चालणे आणि पाहणे यांसाठी दोन स्वतंत्र स्टिक लागणाऱ्या खेळांत सर्वाधिक अडचण येते, तेव्हा सुरुवात एकाच स्टिकवर भागणाऱ्या खेळापासून केलेली बरी.