कानाच्या मशीनचं कापडी कव्हर: वाऱ्यावर उपाय, पण अर्धाच

कानामागे बसणारं मशीन वापरतो, आणि बाहेर चालायला निघालं की वारा माईकवर आपटून असा घर्रर्र आवाज करतो की शेजारी चालणारा माणूस काय बोलतोय ते जाम कळत नाही. म्हणून हे मोज्यासारखं ताणून चढवायचं कापडी कव्हर घेतलं. महिनाभर वापरून सांगतो, हलक्या वाऱ्यात मस्त फरक पडतो, ती घरघर बरीच खाली येते. जोराचा वारा असला किंवा सायकलवर असलो तर मात्र थोडाच.

कारण माईकच्या बारीक भोकांपाशी हवेचे भोवरे होतात, त्याचाच तो आवाज, आणि कापड ते भोवरे माईकपासून जरा लांब ठेवतं, एवढंच. त्यात मशीन डायरेक्शनल मोडवर, म्हणजे समोरचाच आवाज जास्त पकडणाऱ्या सेटिंगवर असलं तर वारा अजून जास्त ऐकू येतो, त्यामुळे ऑडिओलॉजिस्टकडून बाहेरसाठी वेगळा प्रोग्रॅम करून घेतला, चारी बाजूंनी ऐकणारा आणि विंड रिडक्शन, म्हणजे वाऱ्याचा आवाज कमी करणारी सोय चालू असलेला. खरं सांगू, कव्हरपेक्षा त्याचाच उपयोग जास्त झाला!

चढवायला किचकट आहे, पहिल्यांदा तर वैतागच आला. बटण कापडाखाली जातं, चाचपडत दाबावं लागतं. घाम मात्र छान शोषतं, फक्त ओलं झालं की लगेच काढून वाळवा. वरून घट्ट टोपी घातली की मशीनची शिट्टी वाजते, सैल घाला.

पाचपैकी साडेतीन.